अर्धी ओळ

४ नोव्हेंबर

प्रिय ताई,

तुझं पार्सल मिळालं. मुरंब्याची बरणी फुटली नाही, कारण तू तिला भावोजींचे दोन जुने मफलर गुंडाळले होतेस. त्यांना विचारून गुंडाळलेस का, हे मी विचारत नाही. मुरंबा पहिल्याच दिवशी अर्धा संपला. ह्यांनी पावाला लावून खाल्ला, मी नुसताच चमच्याने खाल्ला आणि लेकीने खाल्ला नाही.

तू विचारलंस, घरात रुळलीस का. घरात रुळले. कुठल्या खिडकीची कडी अडकते, नळाला पाणी कधी येतं, जिन्यातल्या आजोबांना कुठल्या कानाने ऐकू येतं, सगळं पाठ झालंय. हे छापखान्यातून येतात तेव्हा बोटांना शाई असते आणि दाराला बोट लागू नये म्हणून कोपराने बेल वाजवतात. मला ते बघायला आवडतं. मे महिन्यात लग्न केलं तेव्हा लोक म्हणत होते की दुसरेपणावर जातेय, जपून. ह्यांच्यापासून जपण्यासारखं काही नाही गं. माणूस सरळ आहे.

पण लेक. ती नऊ वर्षांची आहे आणि मला कसलीच हाक मारत नाही. काही हवं असेल तर खोलीत येऊन उभी राहते आणि मी वर बघेपर्यंत थांबते. वाईट वागत नाही. आरडाओरडा करत नाही. मी केलेलं जेवते, पण उकडलेलं अंडं असेल तर तेच आधी उचलते, कारण ते स्वतः सोलता येतं. जेवताना खुर्ची बाबांकडे वळवून बसते. मी तिला विणायला शिकवून बघितलं, शेजारी बसवून, आईने आपल्याला शिकवलं तसं. तिची बोटं सुयांत अशी गुंतली की तिने दोन्ही सुया खाली ठेवल्या आणि उठून गेली. पुन्हा जवळ आली नाही.

आता खरं काय ते सांगते. ह्यांनी तिला लग्नाआधी शब्द दिला होता, की वर्षभरात तुला इथे नकोसं वाटलं तर तुझ्या आजीकडे राहायला जा, मी अडवणार नाही. आजी म्हणजे तिच्या आईची आई. हे मला परवा कळलं. म्हणजे मे महिन्यापर्यंत माझी परीक्षा आहे, ताई, आणि पेपर कुठल्या विषयाचा तेच माहीत नाही. ती गेली तर हे मला एका शब्दाने बोलणार नाहीत. पण मग ह्या घरात मी कुणाच्या जागेवर बसलेय, हे मला रोज आठवेल.

आणखी एक. काल तिचं कपाट आवरताना तळाला एक कापडी पिशवी सापडली. आत लहान मुलाच्या स्वेटरची पाठ आहे, पिवळ्या लोकरीची, सगळ्या सुलट ओळींची, सुयांवरच राहिलेली. तिच्या गेलेल्या आईच्या हातची. पाच वर्षं तशीच आहे. ओळसुद्धा पुरी नाही, अर्ध्यावर सोडलीय. मी ती हातात धरून जमिनीवर बसले आणि किती वेळ बसले कोण जाणे. ज्या बाईचं मी घर सांभाळते, तिच्या बोटांना मी पहिल्यांदाच भेटत होते. काय करू तिचं?

तुझी,
चिंगी


११ नोव्हेंबर

प्रिय चिंगी,

भावोजींना विचारून मफलर गुंडाळले नव्हते. आता ते मफलर शोधतायत आणि मी त्यांना शोधायला मदत करतेय. परतीच्या टपालाने पाठव.

काय करू म्हणून विचारतेस? अगं, उसव. लोकर कोमट पाण्यात धुऊन टाक, वळ्या जातील, आणि नऊ वर्षांच्या पोरीच्या मापाचा नवा स्वेटर विण. आईची लोकर, तुझं विणकाम, अंगात घालणारी ती. याहून छान काय असतं? आणि उसवायला हात धजत नसेल तर आहे तिथून पुढे विणून पुरा तरी कर. सुयांवर पाच वर्षं लोकर ठेवली की ती ताणून मरते.

आणि अर्ध्या ओळीत सोडून उठायचं म्हणजे काय? आपल्या आईने आपल्याला एवढंच तर शिकवलं, की घराला आग लागली तरी ओळ पुरी करून मग पळ. गेलेल्या माणसाबद्दल बोलू नये, पण त्या बाईला विणायची फारशी सवय नसावी.

पोरीच्या जेवणाचं मनाला लावून घेऊ नकोस. घरोघरी मातीच्या चुली. माझी दोन्ही कार्टी माझ्या हाताला नावं ठेवत मोठी झाली आणि आता डबा न्यायला दर आठवड्याला येतात. तिला भोपळ्याचं सूप करून दे. भोपळा सालासकट भाज, चिरू नकोस, आख्खा भाज, आतून मऊ पडला की चमच्याने काढ. लसूण थोड्या लोण्यावर परत. दूध अगदी शेवटी, गॅस बंद केल्यावर, नाहीतर फाटेल आणि मला नावं ठेवशील. वर मिरपूड. मुलं सूप खातात, कारण त्यात बघून नाक मुरडावं असं काही दिसत नाही.

दुकानात शिवणाचा ढीग पडलाय. एका गिऱ्हाइकाची पँट कमरेत सैल करायची आहे, तिसऱ्यांदा. कापड संपलं, पोट संपत नाही. म्हणून आवरतं घेते.

ताई


३ डिसेंबर

प्रिय ताई,

इतके दिवस लिहिलं नाही, कारण लिहिण्यासारखं धड काही नव्हतं. आता आहे, पण ते वाईट आहे.

मी उसवलं नाही. तेवढं मला जमलं नसतं. पण परवा दुपारी घरात कोणी नव्हतं आणि मी तुझं ऐकून पिशवी काढली. म्हटलं निदान ती अर्धी ओळ तरी पुरी करावी. ताई, मला ती सुई हातात नीट धरताच येईना. मी तीस वर्षं विणतेय. तरी वाटत होतं की मी काहीतरी पाठमोरं धरलंय.  जिकडे विणलेले टाके असायला हवेत, तिकडे न विणलेले. फिरवून बघितलं, तर प्रत्येक टाका सुईवर माझ्याकडे पाठ करून बसलेला. तरीही दोनतीन विणले, तर त्यांना पीळ पडला, बाकीच्या टाक्यांत ते सरळ वेगळे दिसायला लागले. मी घाबरून ते सोडवत होते, आणि वर बघितलं तर ती दारात उभी.

दप्तर पाठीवर होतं. किती वेळ उभी होती ते माहीत नाही. मला वाटलं ओरडेल. ती म्हणाली, "ते आईने ठेवलंय." मी म्हटलं, "मी मोडत नव्हते गं, पुरं करत होते." तर म्हणाली, "ते पुरं नाही करायचं. मी हाक मारली म्हणून ती उठली होती. माझ्या बुटाची नाडी सुटली होती." एवढं बोलून तिने माझ्या हातातून ते घेतलं. ओढलं नाही. अगदी हळू घेतलं, टाके निसटू नयेत म्हणून सुयांची टोकं दाबून धरली.

रात्री ह्यांनी मला सांगितलं. त्याच दिवशी संध्याकाळी तिच्या आईला दवाखान्यात नेलं आणि ती परत आली नाही. नाडीचं ह्यांनासुद्धा माहीत नव्हतं. पाच वर्षं ही पोर ती नाडी एकटी घेऊन बसलीय.

आता ती म्हणते की सुट्टी लागली की आजीकडे जाणार, राहायलाच. आजींना फोन झालाय. त्या सुट्टी लागल्यावर पहिल्या रविवारी येऊन नेणार आहेत. हे खाली बसून तिचे बूट पुसत राहिले.

तुझ्यावर रागावले नाहीये. हात माझेच होते. सूप केलं होतं. छान झालं होतं. तिने एक अंडं घेतलं.

चिंगी


८ डिसेंबर

प्रिय चिंगी,

तुझं पत्र वाचलं आणि मशीन बंद केलं. पँटवाला आला होता, त्याला उद्या ये म्हटलं. उचलली जीभ लावली टाळ्याला, ही माझी खोड तुला ठाऊक आहे. तुझ्या घरातल्या कपाटात माझी जीभ घालायचं मला काही कारण नव्हतं. ते झालं. आता पुढचं नीट वाच.

तू लिहिलंस की प्रत्येक टाका पाठ करून बसलेला. पहिल्यांदा मला वाटलं, बाई लोकर उलटी फिरवत असेल, नवशिक्या फिरवतात. पण मग सगळी बाजूच फिरलेली, विणलेले टाके भलत्या हाताला, हे कसं? नवशिकी चुकते ती एखाद्या ठिकाणी चुकते. इतकं सारखं, इतकं एकसारखं कोणी चुकत नाही. जे इतकं सारखं असतं ती चूक नसते गं, ती रीत असते.

मी चार टाके घालून बसले आणि उलटसुलट करून बघितलं. जमेना. मग शेवटी गिऱ्हाइकांचा लांब आरसा समोर ओढला आणि त्यात बघत विणलं. हातच्या काकणाला आरसा कशाला म्हणतात, पण मला हातातल्या सुयांना लागला. भावोजी चहा घेऊन आले, मला आरशापुढे विणताना बघितलं आणि कप ठेवून गेले. आणि चिंगे, आरशात मला ती बाई दिसली. तू जे लिहिलंस ते सगळं तिथे होतं. टाके पाठमोरे, ओळ डावीकडून सुरू झालेली, विणलेले टाके डाव्या सुईवर. आरशातली बाई अगदी नीट विणत होती. फक्त डाव्या हाताने.

तुझ्या मुलीची आई डावखुरी होती. तिला विणता येत होतं, आणि चांगलं येत होतं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी इतकी वर्षं दुसऱ्यांना ऐकवली, आज मीच वाकड्या अंगणात उभी राहिले.  जी बाई मी कधी बघितली नाही, तिचा हात मी माझ्या दुकानात बसून बघत होते. 

आता दोन गोष्टी कर. नवऱ्याला विचार, ती कुठल्या हाताने भाजी चिरायची. आणि मला सांग, पोर कात्री कुठल्या हातात धरते. लग्नात मी तिला फुलांचे देठ कापताना बघितलं होतं आणि मला अंधुक आठवतंय, पण मी सांगणार नाही, तूच बघ.

आणि जर मी म्हणते तसं असेल, तर तू तिला शेजारी बसवून शिकवलंस, हीच गडबड झाली. आपल्याला आईने शेजारी बसवलं, कारण आपण तिघी उजव्या. डावखुऱ्याला शेजारी बसवलं की त्याला प्रत्येक गोष्ट डोक्यात फिरवावी लागते. मोठ्यांचं डोकं फिरतं, ती तर नऊ वर्षांची आहे. तुला तिच्या समोर बसावं लागेल. अगदी समोर, गुडघ्याला गुडघा. म्हणजे तुझा उजवा हात तिला तिच्या डाव्या हातासारखा दिसेल. आरशासारखं.

तिने शिकायला हवं असं नाही. थांब म्हणूनही सांगू नकोस. पण तिची आई कशी होती, हे तिला सांगायचं राहिलंय आणि ते तुझ्या हाती लागलंय. ते तिच्याबरोबर आजीकडे जाऊ दे. रिकाम्या हाताने पाठवू नकोस पोरीला.

ताई


२१ डिसेंबर

प्रिय ताई,

उद्या रविवार. आजी उद्या येतील. हिची बॅग भरून दाराशी आहे. तरीही मला आज तुला लिहायचंय, कारण काल आमच्या स्वयंपाकघरात जे झालं ते मला अजून पुरतं कळलेलं नाही.

आधी तुझे प्रश्न. ह्यांना विचारलं, ती भाजी कुठल्या हाताने चिरायची. हे हसले आणि म्हणाले, "हा काय प्रश्न आहे, जशी सगळे चिरतात." मग त्यांनी हवेत सुरी धरून बघितली, आणि हात बदलला. शाळेत मारून मारून तिला उजव्या हाताने लिहायला लावलं होतं म्हणे, पण केर काढणं, वेणी घालणं, चमचा ढवळणं, सगळं डावं. "मी कधी लक्षच दिलं नाही, माझ्यासमोर रोज होतं ना," म्हणाले. आणि पोर कात्रीच काय, पेन्सिलसुद्धा डाव्या हातात धरते, आणि मी रोज तिचा गृहपाठ बघते. काखेत कळसा आणि गावाला वळसा. विणताना दोन्ही हातांत सुया असतात, म्हणून मला ते सुचलंच नव्हतं.

काल दुपारी ती ओट्याजवळच्या स्टुलावर अंडं सोलत होती. मी सूप गॅसवर ठेवलं आणि सरळ सांगून टाकलं. "तुझी आई डावखुरी होती. तुझ्यासारखी."

ती म्हणाली, "तुला काय माहीत? तू तिला बघितलंच नाहीस." मी म्हटलं, "नाही बघितलं. तिचे टाके बघितले." मग तुझ्या आरशाचं सगळं सांगितलं. ती ऐकत होती की नाही कळत नव्हतं, अंड्याचं साल बारीक बारीक होत चाललं होतं. मग ती उठून गेली. मला वाटलं संपलं. तर ती पिशवी घेऊन आली आणि माझ्यासमोर उभी राहिली. मी वर बघायची वाट बघत.

मी दुसरं स्टूल ओढलं आणि तिच्या समोर बसले, गुडघ्याला गुडघा. ताई, मे महिन्यापासून ह्या मुलीने माझ्या तोंडाकडे सरळ बघितलं नव्हतं. आता बघावंच लागत होतं. आधी माझ्याकडच्या जुन्या सुयांवर आणि उरलेल्या लोकरीवर सुरुवात केली. मी म्हटलं, "मी आरसा आहे असं समज. मी करते ते कर." मी उजव्या हाताने सुई घातली, तिने डाव्या हाताने. मी लोकर फिरवली, तिने फिरवली. माझा टाका उतरला आणि तिचाही उतरला. तिने तो बघितला, मग माझ्याकडे बघितलं. पाचसात ओळी झाल्यावर मी बोलायचं बंद केलं, तर तिच्या लक्षातही आलं नाही.

मग तिने स्वतःहून ते बाजूला ठेवलं आणि आईने विणलेली पाठ मांडीवर घेतली.  मला श्वाससुद्धा मोठा घेववेना. जी सुई माझ्या हातात पाठमोरी होती, ती तिच्या हातात सरळ झाली. नुसती धरल्याबरोबर. ज्या टाक्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली होती ते सगळे तिच्याकडे तोंड करून बसले होते. तिने सुई घातली, आणि टाका उघडलाच. पीळ नाही, अडणं नाही. माझ्या तीस वर्षांच्या हाताला जे जमलं नाही, ते त्या आठ-दहा ओळी विणलेल्या बोटांना जमलं, कारण ते त्याच हातासाठी ठेवलेलं होतं. मी देवळात जाते, हात जोडते, पण असं कधी वाटलं नव्हतं मला. मी स्टुलावर बसले होते आणि माझ्यासमोर एक गेलेली बाई तिच्या मुलीच्या हातात काहीतरी देत होती, आणि मला ते बघू दिलं होतं.

हे कधी आले तेही कळलं नाही. दारातच उभे होते, शाईचे हात अंगापासून लांब धरून. "कोपर," म्हणाले. हिचा डावा कोपर बाहेर आला होता, पक्ष्याने पंख पसरावा तसा. "ती अशीच बसायची. मी म्हणायचो, तुझ्या शेजारी बसायची सोय नाही." मग ते वळून नळावर गेले आणि बराच वेळ हात धूत राहिले.

ओळ संपली. ती तिथेच थांबली आणि हळूच म्हणाली, "मी हाक मारली नसती तर तेव्हाच झाली असती." मी म्हटलं, "अगं, मुलाने हाक मारली की आई उठते. ओळ राहते. सगळ्यांच्या ओळी राहतात. तिला उठायचं होतं म्हणून ती उठली." ती रडली. माझ्याकडे आली नाही, पण गुडघेही मागे घेतले नाहीत. मीही रडले.

एवढ्यात सूप लागल्याचा वास आला. पार बुडाला लागलं होतं, दूध फाटलेलं. तिघांनी तेच खाल्लं. तिने दोन वाट्या घेतल्या. अंडं तसंच ओट्यावर राहिलं, अर्धं सोललेलं.

रात्री ह्यांनी तिला विचारलं, आजींना रविवारी येऊ नका सांगू का. ती म्हणाली, "नको. मला जायचंय." तेव्हा बॅग दाराशी आहे. पिशवी तिने वरती ठेवलीय, सर्वांत वर, चुरगळू नये म्हणून. माझ्या जुन्या सुयाही मागून घेतल्या. मी रिकाम्या हाताने पाठवत नाहीये तिला, तू म्हणालीस तसं. पण माझं काय होईल ते मला माहीत नाही गं. मी आत्ताच तिची खोली झाडून आले. काही नव्हतं झाडायला.

चिंगी


२ जानेवारी

प्रिय मावशी,

मी पहिल्यांदाच तुम्हाला पत्र लिहीत आहे, म्हणून अक्षर चांगलं काढत आहे. पुढे बिघडेल.

मी आजीकडे गेले होते. आजीला आईचं विणकाम दाखवलं आणि पुढच्या ओळी मी विणल्या ते सांगितलं. आजी आधी रडली आणि मग चष्मा लावून म्हणाली की माझे टाके फार घट्ट आहेत, आईचे सैल असायचे. आजीने मला आईच्या डाव्या हाताच्या खूप गोष्टी सांगितल्या. एकदा आईने शाळेत बाईंना विचारलं होतं की डावा हात चुकीचा असेल तर तो दिला कशाला. मग तिला बाकावर उभं केलं. मला ही गोष्ट सर्वांत आवडली.

त्या स्वेटरचे आता खांदे करायचे नाहीत असं मी ठरवलं आहे. तो चार वर्षांच्या मुलीचा आहे आणि मी मोठी आहे. मी तसंच सरळ विणत जाणार आणि रुंद मफलर करणार. जिथे आईचं संपतं आणि माझं सुरू होतं तिथे खूण करावी का, असं मी विचारलं तर घरी म्हणाले, नको, दिसतंच. माझं घट्ट आहे ना.

पण पिवळी लोकर संपली. आजीकडच्या बाजारात तशी मिळाली नाही. आजी म्हणाली, राहतेस का इथे, आपण आणखी दुकानं शोधू. मी म्हणाले, नको, लोकरीचं घरी विचारायला हवं, मला दुकानात कळत नाही. मग बाबा न्यायला आले. आजीकडे मी आता मोठ्या सुट्टीत जाणार आहे, आंबट मुरंबा करायला. तुमचा मुरंबा मी परत आल्यावर खाल्ला. फार गोड आहे पण चांगला आहे.

तुमच्या दुकानाजवळ पिवळी लोकर मिळते का? खूप पिवळी नाही, जुनी झालेली पिवळी. सोबत एक तुकडा जोडला आहे. आणि टाके बंद कसे करायचे ते आरशात बघून लिहून पाठवा, म्हणजे मला फिरवावं लागणार नाही.

वर काय लिहायचं त्यात माझा सगळ्यात जास्त वेळ गेला. बाबांना विचारलं तर ते म्हणाले, काकू लिही, चालतं. पण काकू म्हणजे काकाची बायको आणि मला काका नाही. तुम्ही तिची बहीण आहात. आणि ती घरात माझी जी लागते, तिच्या बहिणीला मावशीच म्हणतात. म्हणून मी तेच ठेवलं. हे पत्र ती पेटीत टाकायला नेणार आहे. मी तिला अजून दाखवलेलं नाही, पाकीट आधीच चिकटवून टाकणार आहे. तुम्ही तिला लिहाल तेव्हा सांगितलंत तरी चालेल.